तिसऱ्या हँडलवरची रेघ

४ ऑक्टोबर १९९३, सोमवार

ही डायरी बेअरिंगवाल्यानं जानेवारीत भेट दिली होती. नऊ महिने तिच्यावर डबा ठेवून जेवलो. आजपासून लिहितो, कारण टेस्टिंगच्या रजिस्टरात फक्त आकडे लिहायची परवानगी आहे. मागच्या महिन्यात मी शेऱ्याच्या रकान्यात 'मशीन आज नाराज आहे' असं लिहिलं, तर काकासाहेबांनी ते कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. चार दिवस लोक मला मशीनची तब्येत विचारत होते.

काकासाहेब म्हणजे आमचे क्वालिटी मॅनेजर. वाळूजच्या या कंपनीत अल्युमिनियमचे सायकलचे भाग बनतात, तेही डोंगरात चालवायच्या सायकलींचे. डोंगरात सायकल कशासाठी चालवायची हे मला अजून उमगलेलं नाही. आम्ही खुलताबादच्या डोंगरात मेंढरं चालवली, तेवढ्यात बाचे गुडघे गेले. पण परदेशात हौसेनं चालवतात म्हणे, आणि त्या हौसेवर इथल्या दोनशे चुली पेटतात. तक्रार कशाला करा.

आज जर्मन पार्टीचं खोकं आलं. आत तीन काळी हँडलं, कार्बनची. धातू नाही, धागे चिकटवून केलेली. तराजूवर आमचं हँडल दोनशे दहा ग्रॅम भरलं, त्यांचं एकशे पस्तीस. टेस्टिंगमधल्या माझ्या जोडीदारानं, कडूबानं, एक उचलून टिचकी मारली नि म्हणाला, "सूर्यभान, हे तर पापडावानी हाय रे. पर हे मोडलं नाय तर आपली भाकर मोडंल."

पार्टीचं म्हणणं सरळ आहे. तुमची तीन आणि ही तीन, सारख्याच जोरानं हलवा. तुमची तिन्ही एक लाख झोके टिकली तर ऑर्डर तुम्हाला, नाहीतर कार्बनवाल्याला. हलवायचं काम माझं नि कडूबाचं. आमच्या मशीनला सगळे पाळणा म्हणतात. हँडल मधोमध आवळायचं, मशीन दोन्ही टोकं खाली-वर ढकलत राहते, मिनिटाला तीस झोके. सात ते तीन मी, तीन ते अकरा कडूबा. दोघंही तीन वर्षांपासून टेम्पररी. काकासाहेब म्हणाले, ऑर्डर आली की दोघांनाही कायम करतो.

९ ऑक्टोबर, शनिवार

आमचं पहिलं हँडल एक लाखावर गेलं. काकासाहेबांनी पेढे वाटले. कडूबानं पेढा तोंडात टाकून पुन्हा भिंग लावलं. ते भिंग त्याचं स्वतःचं आहे, गुलमंडीवर घड्याळजीकडून घेतलेलं. पन्नास हजाराला आणि लाखाला हँडलवर लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. चीर असली तर पावडरीतून लाल रेघ उमटते. हे काम कडूबाच करतो. माझं अक्षर चांगलं, त्याची नजर चांगली. आमची जोडी भावासारखी आहे. त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी मी रोज खातो. घरी सांगत नाही एवढंच.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरं हँडलही पास. मधे कार्बनचं एक लाखावर नेलं. त्याला ना चीर, ना डाग. जसं आलं तसंच काळंभोर. मला त्याचा राग येऊ लागला आहे.

आज बा आला होता. पोरगं काय करतं ते एकदा बघायचंच होतं त्याला. पाळण्यापुढं बराच वेळ उभा राहिला.

"म्हंजी मोडंस्तोवर हालवायचं, अन् ह्याचा पगार भेटतो?"

"व्हय."

"लोखंड हाय?"

"अल्युमिनियम, बा."

"जर्मन म्हन की." आमच्याकडं अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनच म्हणतात. "जर्मन लोकास्नी जर्मनच इकायलात? लई हुशार तुमचं साहेब."

कडूबा हसून हसून बेजार झाला. त्यानं बासाठी कॅन्टीनमधून स्वतः चहा आणला. बा म्हणाला, उपास आहे. नवरात्र चालू आहे, असेल उपास. पुढं फाटकाबाहेरच्या टपरीवर मात्र दोन कप चहा आणि भजी खाल्ली, तेव्हा मला जरा नवल वाटलं. वय झालं की विसरतं माणूस. कडूबा तेव्हा खिडकीत उभा होता, पण त्याला काय दिसणार एवढ्या लांबून.

२३ ऑक्टोबर, शनिवार, खंडेनवमी

आज पाळण्याची पूजा झाली, आणि मी केली, म्हणून लिहितो.

खंडेनवमीला आमच्याकडं कात्रीपासून कोयत्यापर्यंत सगळं हत्यार धुऊन पूजायचं, त्या दिवशी त्याला काम लावायचं नाही. कंपनीतही तसंच. सगळी मशीनं बंद, सगळ्यांना झेंडूच्या माळा. कडूबा काल रात्रीच नागपूरला गेला. दसऱ्याला ते लोक दीक्षाभूमीवर जातात, मंगळवारी कामावर येणार. तेव्हा टेस्टिंगची खोली सजवायला मी एकटाच होतो.

पाळण्यावर आमचं तिसरं हँडल चढवलेलं, अठरा हजारांवर थांबवलेलं. मशीनला हळदकुंकू लागलं, पण हँडलला लागेना. त्याला इतकी चकाकी की कुंकू लावलं की घसरतं. आणि खरं म्हणजे नशीब त्या हँडलच्याच हातात आहे, त्यालाच कोरडं कसं ठेवायचं? मग मी स्क्रायबर घेतला, म्हणजे आमची खुणा करायची टोकदार पोलादी काडी. क्लॅम्पच्या, म्हणजे हँडल आवळणाऱ्या पकडीच्या बाजूला, नखाएवढी, एक उभी रेघ ओढली. कुंकू तिच्यात असं बसलं की पुसून निघेना. फार समाधान वाटलं.

काकासाहेब आले, नारळ फोडला, कुंकू भरलेल्या त्या रेघेकडं बघून हात जोडले. म्हणाले, "सूर्यभान, तुझ्या हाताला गुण हाय."

२७ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी तिसरं हँडल मोडलं. एक्केचाळीस हजार तीनशे सोळा.

आज सकाळी मी आलो तेव्हा दोन तुकडे टेबलावर मांडलेले होते आणि कडूबा घरी न जाता बसून होता. काल मोडल्यावर रात्रपाळी नसूनही तो इथंच झोपला म्हणे, तुकड्यांना कुणी हात लावू नये म्हणून. त्यानं भिंग माझ्या डोळ्याला लावलं.

"हे बघ. पान्यात खडा टाकल्यावर लाटा निघत्यात, तशा ह्या लाटा. समद्या कुठून निघाल्यात?"

मी पाहिलं. रेघेतून निघाल्या होत्या. माझ्या रेघेतून.

काकासाहेब आले. त्यांनीही भिंग लावलं. मग म्हणाले, "ओरखडा हाय. क्लॅम्प आवळताना हत्यार लागलंय. कुनाच्या शिफ्टला मोडलं?" रजिस्टर समोरच होतं. रेघेतल्या लाल रंगाकडं बोट करून त्यांनी स्वतःच सांगितलं, "हा तर आपला चीर शोधायचा रंग." आणि गेले.

कडूबा म्हणाला, "सूर्यभान, रंग तर मी लावलाच नव्हता. पन्नास हजाराला लावायचा असतोय."

"मागचा कुठला तरी असंल."

"नव्या हँडलवर मागचा?"

मी रजिस्टर मिटून ठेवलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मग शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं आणि म्हणाला, "असंल."

बरं झालं, त्याच्या लक्षात आलं नाही. नाहीतर काय तोंड दाखवलं असतं? मी उद्या स्वतःच काकासाहेबांना सांगणार आहे.

३ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं नाही.

कडूबाला नोटीस मिळाली: हलगर्जीपणाबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये? त्यानं ती चार घड्या करून खिशात ठेवली आणि दुपारी मला म्हणाला, "उत्तर लिहून दे. तुझं अक्षर चांगलं हाय."

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'मी हत्यार लावलेले नाही. ओरखडा माझ्या पाळीच्या आधीचा असावा.' इथं तो थांबला. पेन माझ्या हातात. तो म्हणाला, "फुडं काय लिव्हायचं, तूच सांग."

मी म्हणालो, "एवढं बास हाय."

"बास?"

"व्हय. लई लिव्हलं की संशय येतो."

त्यानं सही केली. मी मनातल्या मनात हिशेब केला. मी सांगितलं तर मी जाणार, कारण चाचणीवरच्या हँडलला हत्यार लावणं हा गुन्हाच आहे, देवासाठी लावलं तरी. नाही सांगितलं तर कडूबाला फार तर ताकीद मिळेल. पुरावा कुठं आहे? ताकीद काय, कानावरून जाते. तो जातोय का कुठं? जाणार नाही. कायमचं पत्र हातात पडलं की दुसऱ्याच दिवशी मी सगळं सांगून टाकीन. मग मला सहजी काढताही येणार नाही. दोघंही वाचू.

हे लिहिताना बरोबर वाटतं. पाळण्यासमोर उभं राहिलं की वाटत नाही.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीला गावी गेलो होतो. लग्न ठरतंय त्या मुलीकडच्यांनी पुन्हा विचारलं, कायम कधी. आईला अर्धंमुर्धं सांगितलं, कुणाचं ते न सांगता. ती करंज्यांचं पातेलं झाकत म्हणाली, "तुला कुनी इचारलं का? नाय ना? मग न इचारता कशाला सांगायलास?"

खरंच, मला अजून कुणीच विचारलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, शनिवार

नांदेडची बातमी परवापासून सगळीकडं आहे. विद्यापीठाच्या नामांतरासाठी एका माणसानं स्वतःला पेटवून घेतलं. कंपनीच्या बसमध्ये लोक आपोआप दोन बाजूंना बसू लागले आहेत. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावर मला काही म्हणायचं नाही. मी काय तिथं शिकलो नाही, माझी तर आयटीआय. पण काल कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "यान्ला आता कंपनीचं बी नाव बदलायचं असंल," आणि सगळे हसले. मीही थोडं हसलो. कडूबा पाठमोरा पाणी पीत होता.

आज काकासाहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. तीन वर्षांत पहिल्यांदा. समोर टाइप केलेला कागद: 'दि. २७ ऑक्टोबर रोजी सकाळी मी मोडलेले तुकडे पाहिले तेव्हा त्यावर ओरखडा होता.'

"ह्यात खोटं काय हाय?" ते म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं. मी तीनदा वाचलं.

"जर्मन पार्टीला कारन कळवावं लागतं, सूर्यभान. कारन अन् उपाय. माल खराब म्हनलं तर ऑर्डर गेली. पूजा-बिजा म्हनलं तर ते आपल्याला येड्यात काढत्याल. मानसाची चूक म्हनलं, मानूस बदलला म्हनलं, की त्यांचं समाधान होतं. कोन मानूस हे तुला मी सांगायला नको."

मी सही केली. खाली उतरताना जिना संपेचना. आता लिहिताना एक गोष्ट खटकते. पूजेचा विषय मी तर काढलाच नव्हता, मग साहेब पूजा कुठून बोलले? बोलण्याच्या ओघात आलं असेल.

१६ डिसेंबर, गुरुवार

पार्टीनं सांगितलं, आता कार्बनचं एक हँडल मोडेपर्यंत चालवा. कडूबाची चौकशी सुरू आहे, पण त्याच्याशिवाय काम होत नाही म्हणून तो येतो. सोमवारपासून दोघं एकाच पाळीत आहोत. माझी नजर त्याच्यावर राहावी म्हणून.

दोन लाखांच्या पुढं गेलं तरी त्या काळ्या नळीवर एक ओरखडा नाही. लाल रंग लावला, पावडर मारली, काही नाही. आज अकराच्या सुमारास कडूबानं मशीन थांबवली, खिशातून रुपया काढला आणि हँडलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक केलं. टण, टण, टण, आणि क्लॅम्पपाशी ठप.

"हितं आतून गेलंय."

"वरून तर कायच नाय."

"वरून नसतंच."

मी हसलो. मशीन चालू केली. वीस मिनिटांत बार काढल्यासारखा आवाज झाला आणि अर्धं हँडल जाळीवर येऊन आदळलं. दोन लाख अकरा हजार. जाळी नसती तर माझा डोळा गेला असता.

कडूबानं तुकडे उचलले. आतले धागे केरसुणीसारखे पिंजारले होते. तो म्हणाला, "आपलं अल्युमिनियम लवकर मोडलं, पर आधी कुरकुरलं होतं त्या दिशी. वाकलं, चीर दावली, मंग गेलं. डोंगरात मानूस असता तर उतरला असता. ह्यो बाबा शेवटपत्तूर गपगुमान. ज्याला समदं आतच ठिवायची सवय, त्याच्यावर कुनी बसू नाय."

काकासाहेबांबद्दल बोलत होता बहुधा. मी म्हणालो, "खरं हाय." त्यावर तो का हसला कळलं नाही. त्यानं हे सगळं इंग्रजीत एका कागदावर लिहून घेतलं, मला स्पेलिंग विचारत. अहवालाबरोबर पाठवा म्हणून साहेबांना दिलं.

१ जानेवारी १९९४, शनिवार

बेअरिंगवाल्यानं नवी डायरी दिली. तिला हात लावावासा वाटत नाही. हे जुन्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे.

आज सांगायचंच असं ठरवून केबिनपर्यंत गेलो. दाराला हात लावला. आता मी सांगितलं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील, रेघही आणि सहीही. पहिल्या दिवशी एकच होती. जितका थांबतो तितकं ओझं वाढतं, आणि ओझं वाढतं म्हणून थांबतो. दार न ढकलताच परत फिरलो. बाहेर कडूबा उभा होता. त्यानं विचारलं, "काय काम होतं साहेबाकडं?"

"रजा पायजे होती."

"दिली?"

"नाय, आत गेलोच नाय."

"जायाचं व्हतं," तो म्हणाला.

१२ जानेवारी, बुधवार

कडूबाला काढलं.

कागदावर 'हलगर्जीपणामुळे सेवा समाप्त' असं आहे. हलगर्जीपणा, आणि तो कडूबाचा. वाळूजमध्ये या कागदावर त्याला फाटकाच्या आत कुणी घेणार नाही. त्यानं कपाट रिकामं केलं. भिंग, डबा, एक टॉवेल, एवढंच सामान. मी पाळण्याजवळ उभा होतो. पाळण्यावर हँडलच नव्हतं, तरी उगाच नट आवळत होतो.

तो जवळ आला. "मला कायी सांगायचंय का, सूर्यभान?"

ओठांवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. आणि मी म्हणालो, "जपून जा. वातावरण बरं नाय."

तो हसला. मोठ्यानं नाही. "तू बी जपून ऱ्हा," म्हणाला, आणि गेला. फाटकावर पहारेकऱ्यानं त्याचा डबा उघडून तपासला. तीन वर्षांत कधी तपासला नव्हता.

मला स्वतःची किळस येते आहे. हे लिहिलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

१५ जानेवारी, शनिवार

काल संक्रांत. संध्याकाळी रेडिओवर आलं की विद्यापीठाला नाव दिलं, जुन्याला जोडून. कुणी म्हणतं नामांतर, कुणी म्हणतं नामविस्तार. शहरात बंदोबस्त, बस बंद. फाटकाला आतून कुलूप घातलं आणि सांगितलं, कुणी बाहेर पडायचं नाही. बजाजनगरातली माझी खोली इथून चालत वीस मिनिटांवर, पण कुलूप ते कुलूप. काल दुपारपासून आम्ही साठ माणसं आत आहोत. कॅन्टीनमध्ये खिचडी, झोपायला पॅकिंगचे पुठ्ठे.

सकाळी कुणीतरी म्हणालं, "बरं झालं कडूबाला आधीच काढला, नाय तर आज आपल्या डोक्यावर नाचला असता." यावेळी मी हसलो नाही. पण बोललोही नाही. टेस्टिंगच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. त्याच्या स्टुलावर बसवेना, उभंच राहिलो. बाहेर फाटकाचं कुलूप दिसतं. ते आज ना उद्या उघडेल. माझं कोण उघडणार?

रजिस्टरच्या मागच्या पानावर सगळं लिहून काढलं, रेघ, कुंकू, सही. चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. चौथं ठेवलं आहे.

१७ जानेवारी, सोमवार

फाटक उघडलं. काकासाहेब आल्याबरोबर कागद त्यांच्यापुढं ठेवला. उभ्यानंच. त्यांनी वाचला, चष्मा काढला. चकित झाले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील.

"मला काय नवीन सांगायलास?" ते म्हणाले. "मी हात जोडले होते त्या कुंकवाला."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. भिंग लावलं त्याच क्षणापासून. मी इतके दिवस त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते गुपित माझ्यापाशी ठेवायला तेच लावत होते.

त्यांनी खणातून दोन कागद काढले. एक जर्मन पार्टीचा फॅक्स. ऑर्डर आम्हालाच. कारण कार्बन जास्त टिकतं, पण मोडायच्या आधी काही सांगत नाही. अल्युमिनियम सांगतं, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगणारं हँडल हवं आहे. तुमच्या माणसानं लिहिलेलं टिपण फार उपयोगी पडलं, असंही शेवटी होतं. कडूबाचं टिपण. आणि त्याच्याच खाली, एक लाखाच्या आत मोडलेल्या हँडलबद्दल: दोषी कामगाराला काढल्याचं कळवलंत, त्याबद्दल समाधान.

दुसरा कागद माझा. कायम.

"सायेब, ऑर्डर तर आली. मंग कडूबाला परत घ्या."

"काढला म्हनून कळवलंय. परत घेतला म्हनून कळवू? अन् आत्ता, या आठवड्यात? लोक म्हनत्याल घाबरून घेतला." त्यांनी माझा कबुलीचा कागद घडी करून माझ्याच खिशात घातला. "तू काय मुद्दाम केलं नाय. तो बी उपाशी मरत नाय. गपचिप काम कर."

मी ते पत्र घेतलं. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो: घेतलं.

२३ जानेवारी, रविवार

आज कडूबाच्या घरी गेलो, भावसिंगपुऱ्यात. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो घरासमोर एक चाक उलटं टांगून तारा आवळत बसला होता. सायकलच्या दुकानात लागला आहे, रोजंदारीवर. त्याची बायको सरूबाई चहा घेऊन आली आणि कप हातात धरून थांबली. मी घेतो का ते बघत होती. मी घेतला. मग ती आत गेली.

मी सगळं सांगितलं. पूजेपासून. त्यानं चाक फिरवणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाला, "ठाव हाय."

"कधीपास्नं?"

"भिंग लावल्यापास्नं. तेल लागलेल्या खोलीत कुंकवाचा वास कळत नाय व्हय? मी नागपुरात, तू हितं, खंडेनवमी. ह्याला काय भिंग पायजे?"

"मंग बोलला का नायस?"

त्यानं चाक हातानं थांबवलं.

"तू बोलला असतास तर ती नुसती रेघच ऱ्हायली असती. मी बोललो असतो तर काय झालं असतं? 'बघा, हे लोक आता आपल्या पूजेला बी नावं ठेवायलेत.' या हिवाळ्यात, सूर्यभान? माझ्या एकट्याची नोकरी गेली. तवा वस्तीवर आलं असतं." मग जरा थांबून म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर दिवस वाट बघितली. तुझ्याच हातानं कागद लिव्हून घेतला. केबिनच्या दारात उभा ऱ्हायलो. रोज वाटायचं, आज बोलंल."

मला रडू आलं. त्यानं समजूत घातली नाही. मी माफी मागितली, त्यानं चाक पुन्हा फिरवलं. मी म्हणालो, मी राजीनामा देतो. तो चिडला. "तुझ्या राजीनाम्याची भाजी करू का? मला कामाचा कागद पायजे. कुठं बी गेलो की इचारत्यात, का काढलं? तू लिव्हून दे. काय केलं, कवा केलं, कुनी केलं. नाव, बिल्ला नंबर, सही. मी दावीन समद्यान्ला. वाळूज केवढंसं हाय, तुझ्या सायबापत्तूर पोचंलच ते. त्याचं काय व्हायचं ते व्हईल. देतोस?"

खिशात तो कबुलीचा कागद होताच, पण तो काकासाहेबांच्या नावानं लिहिलेला. कडूबा म्हणाला, तसला नको, माझ्यापुढं बसून लिही. सरूबाईनं पाट आणून दिला. पाटावर वही ठेवून लिहिलं. चांगल्या अक्षरात, काही न गाळता. सहीपाशी हात थांबला. मुलीकडचे, आई, बा, कायमचं ते पत्र, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कडूबानं घाई केली नाही. तो तारा आवळत राहिला.

सही केली. तारीख घालताना विचारलं, "तेवीस ऑक्टोबर घालू? रेघ त्या दिवशीची हाय."

"नाय," तो म्हणाला. "आजची घाल. किती उशीर केलास ते बी दिसू दे."

मी आजचीच घातली.